डाग नसलेला कोट

इस्त्रीताईच्या दुकानात मागच्या भिंतीला एक दोरी बांधलेली होती. मुळात ती हँगर अडकवायला होती. पण थोरली कॉलेजात जायला लागली आणि चार महिन्यांत दोरीवर चिमट्यांनी लावलेले फोटो आले, गिऱ्हाइकांचे शर्ट खिडकीच्या गजांना लोंबायला लागले. फोटो सगळे थोरलीचे. थोरली आणि पाहुणे, थोरली आणि फलक, थोरली आणि पुन्हा पाहुणे. प्रत्येक फोटोत तिच्या अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट, आणि कोटाची कड इतकी सरळ की पट्टी ठेवून रेघ मारावी. ती कड इस्त्रीताईच्या हातची. मुलीच्या हसऱ्या चेहऱ्याआधी तिचं बोट त्या कोटावर जायचं.

"कोट बघा. पहिल्या दिवसापासून हाच आहे. एक डाग नाही."

गिऱ्हाइकं माना डोलवायची. संध्याकाळपर्यंत शर्ट हवा असला की माणूस कशालाही मान डोलावतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारे लॅबकाका तिचे जुने गिऱ्हाईक. अठ्ठावीस वर्षं काचेची भांडी विसळून त्यांच्या शर्टांच्या बाह्यांना ॲसिडची बारीक बारीक भोकं पडलेली. इस्त्रीताई त्यांचा शर्ट डोळे मिटून ओळखायची. त्यांनी एकदा चष्मा पुसून तो कोट नीट पाहिला आणि म्हणाले, "लॅबमधला कोट असा राहत नाही, ताई."

"माझ्या हातचा आहे तो," इस्त्रीताई म्हणाली, आणि दिवसभर तिच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं होतं.

तिच्या माहेरी आणि सासरी मिळून कॉलेजची पायरी चढलेलं माणूस एकच, तिचा दीर, आणि तोही तिथे पाण्याची टाकी दुरुस्त करायला गेला होता. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. थोरलीला रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला तेव्हा तो फोनवर म्हणाला, "तू बघ. मला त्यातलं काही कळत नाही." कळत तर इस्त्रीताईलाही नव्हतं. पण दोघांपैकी एकाने तरी कळल्यासारखं करायला हवं, म्हणून तिने ते काम अंगावर घेतलं.

आणि कॉलेज तरी किती चांगलं. असल्या घरांतल्या मुलांसाठी तिथे खास 'पहिली पिढी मार्गदर्शन व सामाजिक आधार कक्ष' होता. नाव एवढं लांब की पाटीवर 'कक्ष' हा शब्द मावला नाही, तो खाली दाराच्या चौकटीवर रंगवला होता. कक्षात प्रमुख मॅडम होत्या, शिपाई होता, कॅमेरा होता आणि एक मार्गदर्शक होते. मार्गदर्शक एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. घरात तीन पिढ्या शिकलेल्या, वडील न्यायाधीश. त्यामुळे न शिकलेल्या घरातल्या मुलांचं घोडं कुठे पेंड खातं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ते आयुष्याचे टप्पे पाडत. पहिला टप्पा स्वप्न, दुसरा संकल्प, असे एकूण सात. मुलांनी त्यांचं नाव टप्पेसाहेब ठेवलं होतं. एकदा त्यांनी प्रत्येकाला पाच वर्षांनंतरचं ध्येय विचारलं, तेव्हा पंक्चरवाल्याची मुलगी उठून म्हणाली, "सर, पहिलं सत्र पास व्हायचंय." टप्पेसाहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'ध्येय फार लहान', आणि खाली दोन रेघा मारल्या.

माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. मुलांसाठी त्यांचा जीव खरोखर तुटायचा. फक्त तो तुटायला लागला की दीड तासाच्या आत थांबायचा नाही.

आता हा कक्ष चालायचा पाहुण्यांवर. ज्यांनी योजना आणि तिचे पैसे दिले ते पाहुणे, ज्यांना अशी योजना काढायची होती ते पाहुणे, आणि नुसतेच कुणाच्या तरी ओळखीचे पाहुणे. पाहुण्यांना एक वाजता जेवायचं असायचं, म्हणून ते अकराला यायचे. आले की त्यांना मुलं दाखवावी लागायची. आठ-नऊ मुलं रांगेत उभी राहायची, आणि मधे थोरली. ती उंच होती, हसरी होती, आणि तिचा कोट इस्त्रीचा होता. इतर मुलांचे चुरगळलेले कोट बघून पाहुण्यांची खात्री पटायची की मुलं गरजू आहेत. थोरलीकडे बघून वाटायचं की कक्षाचा उपयोग होतोय. मग फोटो निघायचा, आणि दोन दिवसांनी त्याची एक प्रत प्रत्येक मुलाला घरी न्यायला मिळायची.

थोरलीची प्रॅक्टिकलं मंगळवारी आणि गुरुवारी, अकरा ते एक. एका सकाळी बूट घालता घालता ती म्हणाली होती, "आई, आज पुन्हा कक्षात बोलावलंय. प्रॅक्टिकल बुडेल."

"कुणी बोलावलंय?"

"मॅडमनी. कुणी मोठे पाहुणे आहेत."

"मग जायचं. मोठी माणसं स्वतः बोलावताहेत, आणि तू बाटल्या हलवत बसणार होय?"

"बाटल्या नाही हलवत तिथे."

"तेच ते. ऊठ, कोट दे, एक हात फिरवते."

असं एकदा नाही, तीन-चारदा झालं. नंतर थोरलीने विचारणंच सोडलं. आईला मुलगी समंजस झाली असं वाटलं.

सत्र संपायला तीन आठवडे राहिले होते. बुधवारी दुपारी थोरली कॉलेजातून आली, दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि एक अक्षर न बोलता दुसरी इस्त्री तापत लावून उभी राहिली. पोरीने न सांगता कामाला हात घातला की काहीतरी बिनसलेलं असतं, हे इस्त्रीताईला ठाऊक होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"तो शर्ट तिसऱ्यांदा होतोय," ती शेवटी म्हणाली.

थोरलीने इस्त्री उभी केली. "यादी लागलीय."

"कसली?"

"परीक्षेला बसता येणार नाही त्यांची."

"लागू दे. आपल्याला तर बसायचंय."

"माझं नाव आहे, आई."

इस्त्रीताईला आधी वाटलं नावात घोटाळा झाला असेल. मग थोरलीने सांगितलं. सत्रात आतापर्यंत चोवीस प्रॅक्टिकलं झाली. अठरांना हजर असावं लागतं. थोरली हजर बारांना, त्यांतलीही बरीचशी नुसती बघायची आणि वहीत उतरवायची. परीक्षेला बसू दिलं नाही की विषय राहणार, हा विषय राहिला की पुढच्या वर्गाचं दार बंद, म्हणजे सरळ एक वर्ष गेलं. यादी सोमवारी पक्की होणार, मग तिच्यात देवसुद्धा हात घालू शकत नाही, असं नोटीस लावणारा शिपाई म्हणाला होता.

"रोज डबा घेऊन गेलीस तू. मी दारात उभी राहून बघते."

"कॉलेजात होते. प्रॅक्टिकलला नव्हते."

"मग कुठे होतीस?"

तिने मान वर करून दोरीकडे पाहिलं. इस्त्रीताईनेही पाहिलं. कॅमेरा असा होता की फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ नारिंगी आकड्यांत उमटायची. इतके दिवस ते आकडे तिला शोभेचे वाटले होते. तिने चष्मा लावला आणि एक एक फोटो वाचत गेली. अकरा वीस. अकरा पस्तीस. बारा पाच. मोजून बारा फोटो होते.

मग तिची नजर कोटावर गेली. बारा फोटोंत एक डाग नव्हता, कारण तो कोट प्रयोगशाळेऐवजी मॅडमच्या खोलीत उभा होता. आयुष्य कपड्यांवरचे डाग बघण्यात गेलं. कुठला तेलाचा, कुठला शाईचा, कुठल्या माणसाने बाही कशाला पुसली, हे ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. आणि स्वतःच्या मुलीचा कोट चार महिने कोरा घरी येतो, याचा तिने अभिमान बाळगला. लॅबकाकांनी तर तोंडावर सांगितलं होतं, आणि तिने ते कौतुक म्हणून खिशात घातलं. पोरीने विचारलं तेव्हा तिनेच तिला धाडली होती. तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की थोरलीकडे बघवेना.

"मीच पाठवलं तुला," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं, कॉलेजनेच बोलावलंय तर कॉलेज हजेरी लावतच असेल," थोरली म्हणाली. "विचारायचं कुणाला, तेच कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावून मायलेकी कक्षात गेल्या. टप्पेसाहेब उठून उभे राहिले, स्वतः खुर्ची पुढे सरकवली, सगळं मन लावून ऐकलं. मधे दोनदा डोळे मिटले.

"ताई, अपयश हा पाचवा टप्पा आहे," ते म्हणाले. "तुमची मुलगी तिथे पहिल्याच सत्रात पोचली. माझ्या कंपनीत लोकांना वीस वीस वर्षं लागायची."

"साहेब, तिला परीक्षेला बसायचंय."

"बसेल की. पण आधी हे का झालं ते बघू. वेळेचं नियोजन. आपल्या मुलांचं तिथेच चुकतं. घरात बघितलेलं नसतं ना. मी यावर एक खास सत्र घेणार आहे, तिला जरूर पाठवा. पुढच्या गुरुवारी, अकराला."

"गुरुवारी अकराला तिचं प्रॅक्टिकल असतं."

टप्पेसाहेबांनी समाधानाने टेबलावर बोट टेकवलं. "बघा. नियोजन."

प्रमुख मॅडम एवढ्या भाबड्या नव्हत्या. फोटोंचा विषय निघताच त्यांनी कपाटातून अहवाल काढला आणि एका ओळीखाली नख फिरवलं. कक्षाचे सर्व कार्यक्रम दुपारी चारनंतर, तासिका संपल्यावर घेतले जातात, असं तिथे छापलेलं होतं.

"पण फोटो अकराचे आहेत," थोरली म्हणाली.

"कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलंय," मॅडम म्हणाल्या, आणि लगेच आवाज मऊ केला. "हे बघ बाळ, वर्ष गेलं तरी कक्ष तुला सोडणार नाही. पुढच्या वर्षी तुला 'पुनःप्रवेशित' गटात घेऊ. खरं सांगू का, त्या गटात आमच्याकडे आत्ता एकही मुलगी नाही."

इस्त्रीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मोठ्या खोलीत बोलायची सवय नव्हती, आणि आपण काही बोललो तर पोरीवर काढतील ही भीती. ती नमस्कार करून बाहेर आली. जिना उतरताना नमस्कार का केला म्हणून तिने स्वतःला चार शिव्या घातल्या.

त्या दुपारी लॅबकाका शर्ट न्यायला आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"पत्र नाही दिलं कुणी?"

"कसलं पत्र?"

"ऑन ड्यूटीचं. मूल कॉलेजच्या कामासाठी वर्गाबाहेर असलं, की ज्याने बोलावलं त्याने तीन दिवसांत विभागाला पत्र द्यायचं. पत्र आलं की हजेरी लागते. व्हॉलीबॉलची पोरं आमच्या लॅबमध्ये कधी दिसतच नाहीत, पण हजेरी शंभर टक्के. त्यांचा कप्तान पत्रं गोळा करतो. त्याचा बाप याच कॉलेजात शिकलेला आहे."

"आणि आमच्या पोरांना हे कुणी सांगायचं?"

लॅबकाकांनी शर्टाची घडी उगाचच पुन्हा घातली. "कक्षाने," ते म्हणाले. "त्यासाठीच काढलाय तो."

कक्षाने मुलांना चाळीस पानांची रंगीत पुस्तिका दिलेली होती. थोरलीने ती आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. तिच्यात सात टप्पे होते, यशस्वी माणसं सकाळी किती वाजता उठतात ते होतं, सूर्योदयाची तीन चित्रं होती. पत्राचा एका अक्षराने उल्लेख नव्हता.

"यादीत नावं किती आहेत?" लॅबकाकांनी विचारलं.

"अकरा."

"त्यातली कक्षातली किती?"

थोरलीने बोटांवर मोजलं. "नऊ."

लॅबकाकांनी शर्ट काखेत मारला. "मग एकट्या जाऊ नका," ते म्हणाले. "सगळे फोटो घेऊन जा. आणि ताई, माझं नाव यात येऊ देऊ नका. मला अजून दोन वर्षं नोकरी आहे."

शनिवारी दुपारी इस्त्रीताईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. थोरलीने यादीतल्या कक्षाच्या सगळ्या मुलांना निरोप दिले होते. पंक्चरवाला लेकीला घेऊन आला होता, हात पुसत पुसत. एका मुलीची आई इस्पितळात साफसफाईला होती, ती पाळी संपवून तशीच आली होती. प्रत्येकाने घरचे फोटो आणले होते, आणि प्रत्येकाच्या घरी ते भिंतीवरच होते. एकाने तर चौकट करून घेतली होती. पंक्चरवाल्याने लेकीचा एक फोटो दुकानात हवेच्या पंपावर चिकटवला होता, तो काढताना एका पाहुण्याचा अर्धा चेहरा पंपावरच राहिला.

आपापल्या अभिमानाचे कागद हातात धरून ही माणसं उभी होती. इस्त्रीताईने टेबलावरचे कपडे उचलले, चादर झटकली आणि म्हणाली, "द्या इकडे."

हे काम तिच्या रोजच्या हातातलं. वीस घरांचे कपडे एकत्र आले तरी कुणाचा रुमाल कुणाकडे जात नसे. आधी घर बघायचं, मग वार, मग गठ्ठा. तिने फोटो तसेच लावले. एका फोटोत सात मुलं असली तर थोरली सात चिठ्ठ्या लिहायची, प्रत्येक चिठ्ठीवर नाव, तारीख, वेळ, आणि त्या वेळी कुठलं प्रॅक्टिकल होतं ते. चिठ्ठी त्या त्या मुलाच्या गठ्ठ्यावर टाचणीने टोचली जायची. दोन तासांत चादरीवर नऊ गठ्ठे झाले. एवढ्यात पंक्चरवाल्याला एक गोष्ट दिसली. एका फोटोत पाहुण्यांच्या डोक्यामागे भिंतीवरचं घड्याळ आलं होतं, आणि त्यातही अकरा वीसच वाजले होते.

"दोन्ही घड्याळं एकदमच बिघडली असतील," तो म्हणाला, आणि त्या दुपारी पहिल्यांदा सगळे हसले.

सोमवारी साडेनऊला सगळे प्राचार्यांच्या दारात होते. प्राचार्यांनी दोघांनाच आत घेतो म्हटलं. मग इस्त्रीताई आणि पंक्चरवाला आत गेले आणि थोरली न विचारता मागोमाग शिरली. मॅडम आणि टप्पेसाहेब आधीच तिथे होते. इस्त्रीताईने गठ्ठे टेबलावर ओळीने मांडले. तिने तीन रात्री पाठ केलेलं भाषण डोक्यातून साफ उडालं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "ही कपड्यांसारखी लावलीत. एकेक बघा. पोरं कामचुकार नाहीत. तुम्ही बोलावलं म्हणून गेली. आम्ही पाठवलं म्हणून गेली."

प्राचार्यांनी पहिला गठ्ठा उघडला, दुसरा उघडला, तिसऱ्यावर थांबले. घड्याळाचा फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरला. मग त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम पेनाचं टोपण काढून पुन्हा लावत होत्या. त्यांची अडचण साधी होती. पत्रांवर सही केली तर कार्यक्रम तासिकांच्या वेळेत झाले हे कबूल होणार. नाही केली तर येत्या आठवड्यात योजना देणारी मंडळी येणार होती, आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा, की कक्षातली किती मुलं टिकली.

"यातली नऊ मुलं आपणच गाळली, असं सांगायचं का त्यांना?" प्राचार्यांनी विचारलं.

टप्पेसाहेब घसा साफ करून म्हणाले, "खरं तर याकडे सहावा टप्पा म्हणूनही..."

"तुम्ही थांबा."

मॅडमनी सही केली. नऊ मुलांची पत्रं, प्रत्येकाच्या नावावर तारखांची रांग. प्राचार्यांनी शिक्का उठवला आणि हसत म्हणाले, "झालं. हजेरी पूर्ण. आता निवांत परीक्षा द्या."

पंक्चरवाल्याने मोठा श्वास सोडला. इस्त्रीताईचे डोळे भरून आले. ती उठायला लागली, तेवढ्यात मागून थोरली म्हणाली, "सर, पण मला ब्युरेट धरता येत नाही."

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"परीक्षेत प्रयोग करायचा असतो. हजेरी कागदावर लागली, पण ते बारा प्रयोग मी केलेलेच नाहीत. माझ्यासमोर ब्युरेट ठेवली तर मी काय करू? मला ते प्रयोग करायचे आहेत."

इस्त्रीताईला वाटलं, पोरीला टेबलाखालून एक सणसणीत चिमटा काढावा. हातात आलेलं कुणी असं परत देतं का? पण पोरगी टेबलापासून दूर उभी होती, हात पोचत नव्हता. त्यामुळे तिला नाइलाजाने ऐकावं लागलं, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की गेल्या चार महिन्यांत या इमारतीत कुणी शिकण्याबद्दल बोललेलं हे पहिलंच वाक्य तिच्या कानावर पडत होतं.

"तिला करू द्या साहेब," ती म्हणाली. "माझ्याकडे कपडा येतो तेव्हा लोक म्हणतात, नुसता हात फिरवा. नुसता हात फिरवलेला कपडा घातल्यावर तासाभरात कळतो."

प्राचार्यांनी कॅलेंडर पाहिलं. परीक्षेआधी सहा दिवस मोकळे काढता येत होते. रोज सकाळी एक आणि दुपारी एक. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी थोडी कुरकुर करून होकार दिला. प्रयोगशाळा उघडायला माणूस हवा म्हणून लॅबकाकांना बोलावणं गेलं. ते आले, इस्त्रीताईकडे जन्मात प्रथमच बघत असल्यासारखे बघितले, आणि म्हणाले, "माझी काही हरकत नाही साहेब."

पहिल्या दिवसापासून इस्त्रीताई प्रयोगशाळेच्या बाहेर बाकावर जाऊन बसली. दुकान तिने स्वतःच्या धाकट्या बहिणीवर सोपवलं होतं. थोरली म्हणाली, "आई, मला लाज वाटते." इस्त्रीताई म्हणाली, "वाटू दे." तिचा आता कुणावर विश्वास राहिला नव्हता, स्वतःवर तर मुळीच नाही. दाराच्या काचेतून तिला नऊ मुलं दिसायची. पहिल्या दिवशी एकाने काहीतरी फोडलं. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याच्या मुलीचं उत्तर बरोबर आलं आणि ती सगळ्यांना दाखवत फिरली. थोरली चुकत होती. ब्युरेटच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, खालच्या भांड्यात गुलाबी रंग जेमतेम दिसला की थांबायचं. तिचा रंग दर वेळी गडद व्हायचा आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं.

तिसऱ्या दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, कक्षाचा शिपाई जिना चढून आला. मंडळी आली होती, योजना देणारी. टप्पेसाहेब त्यांना आधार कक्षाने भरवलेल्या 'विशेष प्रायोगिक शिबिराची' माहिती देत होते, म्हणजे हीच प्रॅक्टिकलं आता कक्षाची झाली होती. शिपायाने दार ढकललं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "चला, उंच मुलगी. दहा मिनिटांचं काम आहे. कोट असू दे अंगात."

थोरलीच्या हातात ब्युरेटची तोटी होती. तिने ती बंद केली. सवयच ती. हात पुसले, दोन पावलं दाराकडे आली, आणि काचेतून बाहेर बाकाकडे पाहिलं. जावं की न जावं, हे आजवर आईनेच सांगितलं होतं.

इस्त्रीताई उठून दारात उभी राहिली.

"माघारी जा," ती म्हणाली. "काम कर."

"अहो, मोठी माणसं आलीत," शिपाई म्हणाला.

"मीच येते. चला."

कक्षात पाच माणसं बसली होती. टप्पेसाहेब इस्त्रीताईला बघून क्षणभर गोंधळले, मग सावरले आणि म्हणाले की ही पालक, म्हणजे समाजाचा सहभाग. कॅमेरावाला पुढे सरला. पाहुण्यांमधल्या एका वयस्कर बाईंनी इस्त्रीताईला बसायला सांगितलं आणि प्रेमाने विचारलं, "कक्षाने तुमच्या मुलीसाठी काय केलं, सांगाल का?"

मॅडमनी डोळे मिटले.

इस्त्रीताईने खरोखर विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि भांडायलाही ती आली नव्हती. मुलगी वर काम करत होती आणि इस्त्रीताईला लवकर परत जायचं होतं.

"बारा फोटो काढले," ती म्हणाली. "तेवढी बारा प्रॅक्टिकलं बुडाली तिची. आता ती भरून काढतेय, म्हणून आली नाही. तिला बोलवू नका."

एका पाहुण्याने वहीत काहीतरी लिहिलं; काय लिहिलं देव जाणे. वयस्कर बाईंनी टप्पेसाहेबांकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि मग विचारलं, "आम्हाला बघता येईल का ते प्रॅक्टिकल?"

"बाहेरून," इस्त्रीताई म्हणाली. "दार उघडायचं नाही."

मग ती सगळी वरात जिना चढून वर गेली. पाच पाहुणे, मॅडम, टप्पेसाहेब आणि कॅमेरावाला प्रयोगशाळेच्या काचेपाशी दाटीवाटीने उभे राहिले. टप्पेसाहेबांनी तोंड उघडलं, तशी इस्त्रीताईने ओठांवर बोट ठेवलं, आणि ते गप्प बसले. आत थोरली त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. कॅमेरावाल्याने काचेवर हलकेच टकटक केलं. पंक्चरवाल्याच्या मुलीने मागे पाहिलं, आणखी दोघांनी पाहिलं. थोरलीने पाहिलं नाही. तिचा चेहरा भांड्यावर वाकलेला होता, डावा हात तोटीवर होता, आणि ती थेंब मोजत होती.

"तिला जरा इकडे बघायला सांगता?" कॅमेरावाला कुजबुजला.

"नाही," इस्त्रीताई म्हणाली.